वाढदिवसाची सहकुटुंब डोंगरवाट: कोल्हापूर परिसरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाढदिवस सभागृहात न करता डोंगरावर करावा, असे अनेक कुटुंबांच्या मनात येते; परंतु बेत ठरवायला बसले की शंका सुरू होतात. ज्या घरातून पाच-सहा वर्षांचे मूल आणि सत्तरीतील आजी-आजोबा एकाच दिवशी निघणार आहेत, अशा घरासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. सराईत गिर्यारोहकांना ती बाळबोध वाटतील, आणि त्यास आमची हरकत नाही.

कोल्हापूरजवळ कोणता डोंगर निवडावा?

आपल्या घोळक्यात सर्वांत सावकाश कोण चालते, हे आधी पाहावे आणि डोंगर त्या व्यक्तीच्या पायांना झेपेल असा निवडावा. या एका गोष्टीवर दिवस सुखाचा होणार की चिडचिडीचा, हे बहुतांशी ठरते. डोंगर आधी ठरवून मग माणसे त्यात बसवायला गेले की कोणीतरी अर्ध्या वाटेवर दगडावर बसून राहते, आणि ज्याचा वाढदिवस असतो त्याचेही लक्ष तिकडेच लागते.

शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवरील पन्हाळा हा पहिला पर्याय होय, कारण तेथे चालणाऱ्यांना भरपूर चालता येते आणि न चालणाऱ्यांना गाडीने वर जाता येते. जोतिबाचा डोंगरही जवळच आहे. गायमुखाच्या बाजूने पायी चढून दर्शन घ्यायचे आणि एस.टी.ने परतायचे, असा आटोपशीर बेत तेथे होतो. दिवस मोकळा असेल तर गारगोटीजवळचा भुदरगड घ्यावा. पेठ शिवापूरकडून रस्ता जवळपास माथ्यापर्यंत जातो. वर विस्तीर्ण सपाटी, भैरवनाथाचे मंदिर आणि दूधसागर तलाव असल्यामुळे मुलांना हुंदडायला जागा मिळते. गडहिंग्लजकडे ज्यांचे गाव किंवा पाहुणे आहेत, त्यांना सामानगड सोयीचा पडतो.

पन्हाळा ते पावनखिंड ही मोहीम मात्र वाढदिवसाच्या यादीत धरू नये. ती साधारणपणे जुलैमधील भर पावसात, चिखल आणि ओढे तुडवत, दोन दिवस चालते. त्यासाठी सराव लागतो आणि मनाची वेगळी तयारीही लागते. पाटगावच्या पुढील रांगणा किल्ला अत्यंत देखणा आहे, पण त्याची वाट दाट जंगलातून जाते. लहान मुले मोठी होईपर्यंत तो राखून ठेवावा.

ज्याचा वाढदिवस आहे, त्याने डोंगर निवडायचा नाही का?

दोन किंवा तीन झेपणारे पर्याय मोठ्यांनी आधी काढून ठेवावेत आणि त्यांतून एकाची निवड उत्सवमूर्तीवर सोपवावी. आठ वर्षांच्या मुलाला "तुला कुठे जायचे आहे?" असे मोकळेच विचारले, तर तो कळसूबाई म्हणेल आणि पुढचा आठवडा समजूत काढण्यात जाईल.

पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते. मग चालण्यात अर्थ काय?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याने बहुधा पन्हाळा गाडीच्या काचेतूनच पाहिलेला असतो. गडाची तटबंदी सात किलोमीटरांहून अधिक लांब आहे. तिच्या कडेकडेने, दरवाजा ते बुरुज असे हिंडत गेले, तर सावकाश चालणाऱ्या कुटुंबाचा दिवस सहज भरतो.

आमच्या मते घोळका दोन भागांत विभागावा. ज्यांना चढ हवा आहे, त्यांनी सकाळी लवकर पायथ्याच्या बुधवार पेठेतून पायी चढावे; आजी-आजोबा, तान्हे मूल असलेली आई आणि जेवणाचे डबे यांनी वाघबिळाच्या रस्त्याने गाडीतून वर यावे. भेटण्याची जागा आणि वेळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी. वर पोहोचल्यावर सर्वांनी मिळून सपाटीवरची फेरी करावी. यामुळे कोणालाही आपण ओझे झाल्यासारखे वाटत नाही, आणि चढून आलेल्यांना गरम चहा तयार मिळतो.

फेरीचा क्रम असा ठेवता येईल. तीन दरवाजा आणि त्याच्या जवळची अंधारबाव सकाळी पाहावी, कारण नंतर तेथे गर्दी वाढते. अंधारबाव ही वरून साधी इमारत दिसते. आत उतरल्यावर मात्र ती तीन मजली असून तळाशी पाणी असल्याचे कळते. वेढ्याच्या काळात शत्रूला गडाचे पाणी नासवता येऊ नये, म्हणून विहिरीवरच इमारत चढवलेली आहे, हे मुलांना तेथेच पायऱ्यांवर उभे करून सांगावे. पुढे अंबरखाना, म्हणजे धान्याची कोठारे: गंगा, यमुना आणि सरस्वती अशी त्यांची नावे आहेत. तिन्हींपैकी सर्वांत मोठे कोणते, हे मुलांना पावलांनी मोजायला लावावे. निदान अर्धा तास कोणी मोबाईल मागत नाही. उन्हे कलताना सज्जाकोठी गाठावी. आजोबांना इतिहास सांगायचा असेल, तर तेथील सावली त्यासाठी उत्तम आहे.

सांगण्यासारखे तेथे पुष्कळ आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात बाराव्या शतकाच्या अखेरीस गडाची उभारणी झाली. अफझलखानाच्या वधानंतर नोव्हेंबर १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६० मध्ये सिद्दी जौहरने घातलेला वेढा महिनोन्महिने चालला. जुलैमधील पावसाळी रात्री महाराज गडावरून निसटले, महाराजांचा वेष घेतलेल्या शिवा काशिदांनी प्राण दिले आणि पुढे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रूला रोखून धरले. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी मोजक्या साठ माणसांनिशी गड पुन्हा जिंकला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत पन्हाळ्याचा समावेश आहे. एवढे सगळे एका दमात सांगू नये. एका ठिकाणी एकच गोष्ट सांगितली, तर ती मुलांच्या लक्षात राहते.

मसाई पठार मुलांना झेपेल का?

पठार स्वतः जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे वर पोहोचल्यानंतर चालणे सोपे असते. पन्हाळ्याहून तुरुकवाडी आणि म्हाळुंग्याच्या बाजूने पायी जायचे झाल्यास, दहा-अकरा वर्षांपुढील चालण्याची सवय असलेल्या मुलांनाच न्यावे. धाकट्यांसाठी गाडीरस्ता जेथवर जातो, तेथवर गाडीने जाऊन पुढे मसाई देवीच्या मंदिराच्या परिसरात फिरावे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पठारावर सावली जवळपास नाही, आणि दाट धुके उतरले की दिशा कळत नाही, कारण चहूकडे जांभ्या दगडाचे सारखेच सडे, म्हणजे सपाट खडकाळ माळ, दिसतात. पावसाळा ओसरताना तेथे बारीक रानफुले येतात. ती छायाचित्रासाठी तुडवू नयेत आणि तोडून वाढदिवसाचा गुच्छ तर मुळीच करू नये. हे पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

आणि जोतिबा?

रविवार, पौर्णिमा आणि चैत्र यात्रेचे दिवस टाळावेत. चढताना वाटेत पोहाळे गावाजवळची लेणी पाहता आली तर दिवस सार्थकी लागतो. गुलालाने माखण्याची तयारी ठेवूनच कपडे निवडावेत.

वाढदिवस मे महिन्यात किंवा जुलैमध्ये येतो. काय करावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निर्धोक आणि आल्हाददायक असतो. या महिन्यांत जन्मलेल्यांचे नशीब थोर. मात्र तेव्हा दिवस लहान असतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेचारनंतर नवीन टप्पा सुरू करू नये.

एप्रिल-मेमध्ये दुहेरी संकट असते. अकरा वाजल्यापासून ऊन सोसवत नाही, आणि दुपारनंतर वळवाचा पाऊस विजांसह कोसळतो. त्या दिवसांत पहाटे साडेपाचला चालायला सुरुवात करून दहाच्या आत जेवणाच्या जागी पोहोचावे आणि दुपारी घर गाठावे. विजा चमकू लागल्या की उघडे पठार, तटाची उंच कड आणि एकटे झाड या तिन्हींपासून दूर जाऊन शक्य तितक्या लवकर गाडीत किंवा पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा.

जून ते सप्टेंबर या काळात डोंगर सर्वांत सुंदर आणि सर्वांत फसवा असतो. जांभ्यावर शेवाळ चढते, तटावरून खालची खोली धुक्यामुळे दिसत नाही, ओढ्याचे पाणी तासाभरात वाढते. या काळात लहान मुलांसह गडाच्या सपाटीवरील बांधीव रस्त्यांपुरतेच चालावे, बुरुजांच्या कडेला जाऊ नये आणि धबधब्याच्या पाण्यात उतरू नये. पंचगंगेला पूर आला असेल, तर घरातून निघण्यापूर्वी रस्त्यांची स्थिती पाहावी. सकाळी मोकळा असलेला रस्ता संध्याकाळी पाण्याखाली गेल्याची उदाहरणे कोल्हापूरकरांना सांगायला नकोत.

जुलैचा वाढदिवस डिसेंबरात डोंगरावर साजरा केला तरी चालतो. आई-वडिलांना हे पटायला वेळ लागतो. मुलांना दोनदा गोड खायला मिळत असल्याने ती लगेच कबूल होतात.

डोंगरावर केक कापता येईल का?

येईल, पण मलईचा केक नेऊ नये. वाघबिळाच्या वळणांवर तो डब्याच्या एका बाजूला जाऊन बसतो आणि वर पोहोचेपर्यंत आंबूस होऊ लागतो. घरी केलेला रव्याचा केक, किंवा बेकरीतील मलई नसलेला साधा केक, घरीच तुकडे करून पसरट डब्यात न्यावा. खरे तर शेंगदाण्याचे लाडू किंवा गूळपोळी त्याहून बरी. आपल्या भागातील गूळ असताना डोंगरावर आयसिंग कशासाठी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मेणबत्त्या, फटाक्यासारख्या ठिणग्या उडवणाऱ्या नळ्या, रंगीत धूर आणि फुगे या चारही गोष्टी घरी ठेवाव्यात. कारण केवळ शिस्तीचे नाही. किल्ल्यांच्या कड्यांवर, दरवाजांच्या कमानींखाली आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळे असतात, आणि धूर, उग्र अत्तर किंवा मोठा आवाज यांमुळे त्या माश्या उठू शकतात. शिवाय हिवाळ्यापासून मेपर्यंत गवत वाळलेले असते. एका ठिणगीने डोंगरउतार पेटतो. फुटलेल्या फुग्यांचे रबर आणि चमकीचे कण वेचून आणणे अशक्य असते. चरणाऱ्या गुरांच्या पोटात ते जातात.

औक्षण निघण्यापूर्वी घरीच करावे. सकाळी देवापुढे पाट मांडून, कुंकू लावून, निरांजनाने ओवाळले की विधी पूर्ण होतो. वर गेल्यावर सगळ्यांनी मिळून गाणे म्हणावे, गोड वाटावे आणि ज्येष्ठांच्या पाया पडावे. एवढे पुरते.

जेवणाचे काय न्यावे?

सकाळच्या चालीसाठी भडंग, फुटाणे, केळी आणि गुळाचा खडा प्रत्येकाच्या खिशात असावा. जेवणासाठी धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि घट्ट दही पुरेसे होते. भाकरी न्यायची तर ती कापडात बांधावी, बंद डब्यात तिला पाणी सुटते. लहानांसाठी खर्ड्याशिवाय वेगळी चटणी ठेवण्यास विसरू नये. पन्हाळ्यावर झुणका-भाकरी, कांदाभजी आणि दही मिळते, त्यामुळे डबे कमी नेले तरी चालते, आणि गडावरील लोकांच्या हातात चार पैसेही पडतात. भुदरगडावर मात्र आपली शिदोरी आपणच न्यावी.

तांबडा-पांढरा रस्सा संध्याकाळी घरी करावा. भर दुपारी मटणाचे जेवण करून कोणीही पुन्हा चालत नाही, हे ज्यांना पटत नाही त्यांना समजावण्यात अर्थ नाही. ज्या डोंगरावर देवस्थान आहे, तेथे सोबत काय न्यावे याचे भान तर कोल्हापूरकराला निराळे सांगावे लागत नाही.

पाणी किती लागते?

अर्ध्या दिवसाच्या चालीला मोठ्या माणसामागे दोन लिटर आणि मुलामागे एक लिटर धरावे. उन्हाळ्यात त्याहून अधिक न्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट प्यावे. उलटी, जुलाब किंवा अतिघाम झाल्यास देण्यासाठी जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे पाजावे. गडावरील तळी व विहिरी यांचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

कोल्हापुरी चप्पल चालेल का?

छायाचित्रापुरती चालेल. उतारावर तिचा चामडी तळ जांभ्यावरून सटकतो आणि पावसात चामडे भिजून फुगते. खाचदार तळाचे, आधी किमान आठवडाभर वापरलेले बूट घालावेत. वाढदिवसाची भेट म्हणून आणलेले कोरे बूट त्याच दिवशी घालून चढणे म्हणजे टाचेला फोड निमंत्रण देऊन बोलावणे होय.

आजोबांचे गुडघे दुखतात. त्यांनी यावे का?

अवश्य यावे, आणि त्यांनी किती चालायचे हे त्यांनीच ठरवावे. चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक त्रास देतो, त्यामुळे वर गाडीने आणि खाली पायी हा अनेकांना सोयीचा वाटणारा क्रम त्यांच्यासाठी उलटा आहे. त्यांनी खाली गाडीनेच यावे. हातात काठी असावी. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि रोजची औषधे गाडीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवावीत. मधुमेह असणाऱ्यांच्या जेवणाची वेळ कार्यक्रमासाठी पुढे ढकलू नये.

पंचाहत्तरी साजरी करायची असेल, तर सगळा दिवसच त्या व्यक्तीच्या चालीने चालावा. नातवंडांनी पुढे धावून वारंवार मागे यावे. त्यात त्यांचे चालणे आपोआप दुप्पट होते आणि दंगाही कमी होतो.

मूल मध्येच "मी चालणार नाही" म्हणून बसले तर?

बहुतेक वेळा ते भुकेले असते, तहानलेले असते किंवा बुटात खडा गेलेला असतो. प्रथम या तीन गोष्टी पाहाव्यात. त्यानंतरही ते उठले नाही, तर रागावण्याऐवजी त्याला वाट दाखवण्याचे काम द्यावे. पुढे चालणाऱ्या मुलाचे पाय मागे राहणाऱ्याच्या पायांपेक्षा कमी दुखतात. तरीही ते रडत असेल, तर परत फिरावे. त्याच्याच वाढदिवसाच्या दिवशी त्याला माथ्यावर ओढत नेण्यात कोणाचा आनंद आहे, याचा मोठ्यांनी विचार करावा.

शाळेतील मित्रमैत्रिणींनाही बोलवावे का?

दर तीन मुलांमागे किमान एक जबाबदार मोठा माणूस असेल, तरच बोलवावे. सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक मोठा माणूस असावा. मागच्याने कोणालाही आपल्या मागे राहू देऊ नये. प्रत्येक मुलाच्या पालकांकडून ॲलर्जी, चालू औषधे आणि फोन क्रमांक लिहून घ्यावेत. वीस मुले घेऊन तटाच्या कडेला उभे राहण्याचा प्रसंग स्वतःवर आणू नये. सहा-सात मुले पुष्कळ झाली.

मधमाश्या उठल्या किंवा साप चावला तर काय करावे?

मधमाश्या उठल्यास हातवारे न करता, डोके आणि तोंड ओढणीने किंवा सदऱ्याने झाकून, लहान मुलांना कवेत घेऊन सरळ दूर पळावे आणि गाडीत किंवा बंद खोलीत शिरावे. तळ्यात उडी मारू नये. माश्या वर घिरट्या घालत थांबतात. रुतलेले काटे नखाने खरवडून लगेच काढावेत. श्वास लागला, ओठ सुजले, चक्कर आली किंवा डंख बरेच असले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

साप चावल्यास माणसाला शांत बसवावे, चावलेला अवयव न हलवता आधार देऊन बांधावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात विनाविलंब न्यावे. जखम चिरणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे आणि मांत्रिकाकडे जाणे यांत फक्त वेळ जातो आणि इजा वाढते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. मात्र दऱ्यांत फोनची रेंज जाते, म्हणून आपण कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे घरी राहिलेल्या कोणाला तरी सांगून निघावे.

राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला, आणि कधी कधी शहराच्या वेशीवरही, गवा दिसतो. तो शांत उभा असला तरी त्याच्या जवळ जाऊ नये, त्याला हुसकावू नये आणि त्याची वाट अडवू नये.

किल्ल्यावर कार्यक्रमासाठी परवानगी लागते का?

घरच्या माणसांनी मिळून बसून डबा खाण्यास लागत नाही. मंडप, ध्वनिवर्धक, सजावट किंवा ड्रोन यांचा विचार असेल, तर परवानगीशिवाय काही करता येत नाही. आमचा सल्ला असा की, तो विचारच सोडून द्यावा. पन्हाळा हे केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक आहे. अशा स्मारकाची नासधूस केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि भिंतीवर "हॅपी बर्थडे" लिहिणे ही नासधूसच आहे. जंगलहद्दीत चूल पेटवू नये.

वाढदिवसाची भेट काय द्यावी?

डोंगरावर खोके उघडू नये. कागद उडतो आणि खेळणे पुढे वाहून न्यावे लागते. शिटी, छोटी विजेरी किंवा स्वतःची पाण्याची बाटली निघतानाच द्यावी, म्हणजे दिवसभर ती कामाला येते.

सकाळी उठून पाहतो तर धो धो पाऊस. मग?

बेत रद्द करावा, आणि तो रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, हे आदल्या रात्रीच एका व्यक्तीवर सोपवावे. सकाळी सहा वाजता दहा जणांची मते घेत बसू नये. बांधलेली शिदोरी घरातच ओसरीवर पंगत मांडून खावी. पाऊस उघडला तर संध्याकाळी रंकाळ्याला चालत एक फेरी होते, आणि डोंगरासाठी पुढचा कोरडा रविवार लगेच नक्की करून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, अन्यथा तो बेत पुढच्या वाढदिवसापर्यंत लांबतो.